मॉरिशस : प्रवाळाच्या तटबंदीआडचें बेट

मुंबईच्या चौपाटीवर संध्याकाळीं वाळूंत बसलेल्या माणसाला समुद्र म्हणजे काय असें विचारलें, तर तो लाटांकडे बोट दाखवील. लाट येते, फुटते, मागें जाते; समुद्र म्हटला कीं त्याची गर्जना ओघानेंच आली. परंतु हिंदी महासागरांत असें एक बेट आहे कीं, ज्याच्या बहुतेक किनाऱ्यावर उभें राहिलें असतां लाट पायाशीं येऊन फुटत नाहीं. ती दूरवर एका पांढऱ्या रेषेवर फुटतांना दिसते. तिचा आवाज घुमत घुमत कानावर येतो. आणि त्या रेषेच्या अलीकडे उथळ पाणी एखाद्या तळ्यासारखें निवांत पसरलेलें असतें. हें बेट म्हणजे मॉरिशस. सुटीच्या दिवसांत आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें आतां तिकडे जातात आणि तेथील निळ्या पाण्याच्या व पांढऱ्या वाळूच्या गोष्टी घेऊन परत येतात. पण तें पाणी इतकें निळें कां, वाळू पांढरी कां, आणि दूरची ती पांढरी रेषा उद्यां नाहींशी झाली तर त्या दोहोंचें काय होईल, याचा विचार करणारे थोडे. तो विचार मनाशीं ठेवून पाहिलें, तर बेट दुप्पट आनंद देतें. आणि त्याच्याशीं वागावें कसें, हेंही त्यांतूनच उमगतें.

ज्यांच्या घरीं मुलांचा नकाशा असेल त्यांनीं तो उघडून मुंबईवर बोट ठेवावें. विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर मुंबई, आणि जवळजवळ तितकेंच अंतर दक्षिणेस उतरून, सुमारें २० अंशांवर मॉरिशस. आफ्रिकेच्या पूर्वेस मादागास्कर, आणि मादागास्करच्या पूर्वेस आठशेंहून अधिक किलोमीटर समुद्र ओलांडला म्हणजे हा ठिपका सांपडतो. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. दोन्ही ठिकाणें उष्ण कटिबंधांतलीं. ऋतु मात्र उलटे. आपल्याकडे मे महिन्यांत अंगाची लाही होत असते, तेव्हां तेथें हिंवाळ्याची चाहूल लागते. आणि आपल्या ऐन थंडींत तेथें उन्हाळा असतो. साधारणतः नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचा काळ उष्ण, दमट आणि चक्रीवादळांचा. जून ते सप्टेंबर हे महिने गार, कोरडे आणि वाऱ्याचे.

हे वारे वर्षाचा बहुतेक काळ आग्नेय दिशेनें वाहत येतात. शिडांच्या जहाजांच्या दिवसांपासून त्यांना व्यापारी वारे म्हणतात. समुद्रावरचें बाष्प घेऊन ते बेटाच्या मधल्या पठारावर चढतात, तेथें पाऊस टाकतात आणि पश्चिमेच्या बाजूस कोरडे होऊन उतरतात. घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि दहा कोसांवर देशावर कोरडें रान, हा सह्याद्रीचा प्रकार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना याहून अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पठाराच्या माथ्यावर वर्षांत ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर कांहीं ठिकाणीं तो १,००० मिलिमीटरांच्याही आंत. म्हणूनच एवढ्याशा बेटावर एकाच दिवशीं सकाळीं पठारावर छत्री उघडावी लागते आणि दुपारीं पश्चिमेच्या वाळूंत ऊन सोसवत नाहीं. गार महिन्यांत पूर्वेचा किनारा वाऱ्यानें गजबजलेला असतो आणि पश्चिमेचा शांत. उलट उन्हाळ्यांत पूर्वेचा तोच वारा सुखावह वाटतो. मुक्काम कोठें करावा, हें एवढ्या एका गोष्टीवरून ठरवितां येतें.

विमान खालीं उतरूं लागलें कीं मराठी माणसाला एक गोष्ट ओळखीची वाटते. काळा कातळ. उंसाच्या शेतांत मध्येंच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. ओढ्याच्या पात्रांत तेच दगड, घरांच्या जुन्या भिंतींत तेच दगड. हें साम्य वरवरचें नाहीं. भूगर्भशास्त्रज्ञांचें मत असें आहे कीं, पृथ्वीच्या पोटांत एका ठिकाणीं फार प्राचीन काळापासून एक धगधगती चूल पेटलेली आहे. चूल जागच्या जागीं, आणि तिच्या डोक्यावरून भूकवचाचा थर हळूहळू सरकत जातो. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं या चुलीवर आपला दख्खनचा प्रदेश होता. तेव्हां जो लाव्हा उसळला, त्याच्या थरांवर थर बसून सह्याद्रीचे कडे तयार झाले. पुढें भारतभूमि उत्तरेकडे सरकली. चुलीच्या वाटेवर लखदीव, मालदीव, चागोस यांच्या खालचा समुद्रांतला पर्वत उभा राहिला. आणि ८०–९० लाख वर्षांपूर्वीं मॉरिशस समुद्रांतून वर आलें. आज ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखालीं आहे आणि तेथील पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर पेटतो. सिंहगड आणि मॉरिशसची डोंगररांग हीं एकाच चुलीवरचीं, असें म्हटलें तर तें केवळ अलंकारिक बोलणें होणार नाहीं.

मग काळ्या दगडाच्या या बेटाला पांढरी वाळू आली कोठून? येथेंच त्या दूरच्या पांढऱ्या रेषेचा संबंध येतो. ती रेषा म्हणजे प्रवाळाची भिंत. आपण ज्याला पोवळें म्हणतों त्याच्याच गोतावळ्यांतले हे जीव. प्रवाळ दगडासारखें कठीण दिसतें, झाडासारखें फुटतें; पण आहे तो प्राणी. टांचणीच्या डोक्याएवढ्या, फार तर करंगळीच्या नखाएवढ्या जीवांच्या वसाहती समुद्रांतील चुना शोषून घेऊन आपल्याभोंवतीं कवच बांधतात. जुनी पिढी मरते, तिच्या कवचावर नवी पिढी घर करते. आणि हजारों वर्षांत अशी भिंत उभी राहते कीं महासागराची लाट तिच्यावर डोकें आपटून फुटावी. या जीवांच्या शरीरांत अतिसूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वांटा यजमानाला देतें. यजमान त्याला आसरा देतो. प्रवाळाचे रंगही मुख्यतः या भाडेकऱ्याचेच. पाणी उबदार, खारें, स्वच्छ आणि उथळ असेल तरच हा संसार चालतो. नदीच्या मुखाशीं गोडें पाणी आणि गाळ येतो, म्हणून तेथें भिंतीला खिंडार पडतें. होड्या आंतबाहेर जातात त्या अशाच खिंडारांतून.

मॉरिशसभोंवतीं अशी सुमारें दीडशें किलोमीटर लांबीची भिंत आहे. १८३६ सालीं ‘बीगल’ जहाजावरून फिरत असतांना चार्ल्स डार्विन येथें कांहीं दिवस उतरला होता. प्रवाळभिंती कशा तयार होतात यावरील त्याचा ग्रंथ १८४२ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यांत मॉरिशसच्या भिंतीचाही विचार आहे. भिंतीच्या आंतल्या निवांत पाण्यांत प्रवाळाचे तुकडे, शिंपल्या, शंख यांचा चुरा होत राहतो. कांहीं मासे तर पोपटाच्या चोंचीसारख्या दातांनीं प्रवाळ कुरतडतात आणि खाल्लेल्या चुन्याची बारीक वाळू करून टाकतात. हाच चुरा लाटांनीं किनाऱ्याला लागतो. तेव्हां मॉरिशसची पांढरी वाळू ही खडकाची नव्हे, जिवांची राख आहे. उथळ पाण्याच्या तळाशीं ती पांढरी चादर पसरलेली असल्यामुळें सूर्यप्रकाश तिच्यावरून परत फिरतो. तांबडा रंग पाण्यांत जिरतो आणि डोळ्यांपर्यंत हिरवट निळाई पोंचते. भिंतीपलीकडे तळ एकदम खोल जातो, तेथें तोच समुद्र गडद निळा.

बेटाच्या नैर्ऋत्य टोंकाशीं या रंगांचा एक चमत्कार दिसतो. विमानांतून पाहणाऱ्यास वाटतें कीं समुद्राच्या पोटांत एक प्रचंड धबधबा कोसळत आहे. वास्तविक पाण्यांत धबधबा कसा असणार? उथळ भागांतली वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल उतारावरून ओढला जातो, आणि फिकट व गडद रंगांच्या पट्ट्यांमुळें डोळे फसतात, एवढाच त्याचा अर्थ. किनाऱ्यावर उभें राहून तो दिसत नाहीं.

आतां किनाऱ्यावरून एक फेरी मारूं. पश्चिमेस फ्लिक आं फ्लाक येथें कित्येक किलोमीटर सरळ पसरलेली वाळू आहे. मागें सुरूच्या झाडांची रांग, कोंकणांतल्या किनाऱ्याची आठवण करून देणारी. तेथून दक्षिणेस तामारें येथें नदी समुद्राला मिळते. भिंतीला खिंडार असल्यामुळें येथें लाटा थेट आंत येतात. पहाटेच्या वेळीं या उपसागरांत डॉल्फिनांचे कळप येतात. उत्तरेस ग्राँ बे, पेरेबेर, मों शुआझी हीं गजबजलेलीं ठिकाणें. दुकानें, उपाहारगृहें, होड्या, सर्व कांहीं. ज्यांना सोबत हवी त्यांनीं येथें उतरावें. पूर्वेस बेल मार येथें सूर्योदय पाहण्यासारखा. आणि जवळच खाजणांत इल ओ सेर्फ नांवाचें लहानसें बेट, जेथें होडीनें जातात. आग्नेयेस माएबुर गांवाजवळ ब्लू बे हा प्रवाळाच्या दृष्टीनें फार संपन्न उपसागर. तो संरक्षित सागरी उद्यान असून २००८ मध्यें रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत त्याची गणना झाली. कांचेच्या तळाच्या होडींतून येथें पाण्याखालची बाग पाहतां येते आणि पाय ओला करावा लागत नाहीं.

परंतु ज्याला भिंतीचें मोल समजून घ्यावयाचें असेल त्यानें दक्षिणेस सुयाक गांवाजवळच्या ग्री ग्री येथें अवश्य जावें. येथें प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. अंटार्क्टिकापर्यंत मध्यें भूमि नसलेला महासागर येथें सरळ काळ्या कड्यांवर येऊन आदळतो. तुषार माथ्यापर्यंत उडतात, पायाखालची जमीन हादरल्यासारखी वाटते, आणि पाण्यांत उतरण्यास मनाई असते. आदल्या दिवशीं ज्या समुद्रांत लहान मुलें खेळत होतीं तोच हा समुद्र, यावर विश्वास बसत नाहीं. या दोन किनाऱ्यांमध्यें फरक एकाच वस्तूचा : ती पांढरी रेषा.

किनारा सोडून आंत शिरलें कीं दुसरेंच मॉरिशस दिसतें. क्युरपीप शहरांत त्रु ओ सेर्फ नांवाचें ज्वालामुखीचें जुनें मुख आहे. त्याच्या कांठावरून भोंवतालचे डोंगर दिसतात. दक्षिणेकडील ग्राँ बासें हेंही तसल्याच एका मुखांत सांठलेलें तळें. तेथील हिंदु लोक त्याला गंगातलाव म्हणतात; १९७२ मध्यें भारतांतून आणलेलें गंगाजल त्यांत मिसळण्यांत आलें, आणि महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू पायीं चालत तेथें येतात. शामारेल येथें उघड्या मातीचे कांहीं उंचवटे तांबडा, जांभळा, पिंवळा अशा निरनिराळ्या छटांनीं रंगलेले आहेत. काळा कातळ फार काळ ऊनपावसांत कुजला म्हणजे त्यांतील लोह व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें मागें उरतात, आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावरून मातीस रंग येतो. आपल्याकडील जांभा दगड हा याच प्रक्रियेचा भाऊबंद.

पांप्लमूसच्या वनस्पतिउद्यानाला निदान अर्धा दिवस द्यावा. १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्यानें ही बाग नांवारूपास आणली. मसाल्याच्या बेटांवर तेव्हां डच लोकांचा कडक पहारा असे. तेथून जायफळ व लवंग यांचीं रोपें चोरून आणवून त्यानें तीं येथें लावलीं आणि डचांची मक्तेदारी मोडण्याचा उद्योग आरंभला. येथील तळ्यांत परातीसारखीं, कांठ वळलेलीं प्रचंड कमळपानें तरंगतात. तालिपोत नांवाचा ताड तीसचाळीस वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ नुसता वाढत राहतो. मग आयुष्यांत एकदांच माथ्यावर फुलांचा डोंगर उभारतो, आणि फळें पिकलीं कीं मरतो.

खरें अरण्य मात्र थोडें उरलें आहे. बेटावर मूळचें चांगलें रान आज शेंकडा दोनांहूनही कमी राहिलें आहे. डच आले तेव्हां बेट आबनूसाच्या झाडांनीं भरलेलें होतें. त्यांनीं तीं तोडलीं. जावाहून ऊंस आणि हरणें आणलीं. जहाजांबरोबर उंदीर, डुकरें आणि माकडें आलीं. आणि मग घडली ती डोडोची प्रसिद्ध कथा. डोडो हा कबुतराच्या कुळांतला, पण उडतां न येणारा मोठा पक्षी. बेटावर त्याला शत्रूच नव्हता, म्हणून त्याला भिणें ठाऊक नव्हतें. घरटें जमिनीवर, अंडें एकच. १५९८ मध्यें डच खलाशांनीं त्याला पाहिलें, आणि त्याच्या खात्रीलायक दर्शनाची शेवटची नोंद बहुतेक अभ्यासक १६६२ सालची मानतात. पुरीं सत्तर वर्षेंही लागलीं नाहींत. खलाशांनीं मारून खाल्ले तितकेच, किंबहुना अधिक, डोडो आणलेल्या जनावरांनीं अंड्यांतच संपविले. पुढें १८६५ मध्यें मार ओ साँझ या दलदलींत त्याचीं हाडें सांपडलीं, तेव्हां जगाला त्याची नीट ओळख झाली.

पण मॉरिशसची पक्षिकथा डोडोपाशीं संपत नाहीं, आणि पुढचा भाग बहुतेक प्रवाशांस ठाऊक नसतो. तेथील खरुची ससाण्याची जात जंगलतोड आणि हिंवतापाविरुद्ध फवारलेलीं कीटकनाशकें यांमुळें इतकी खालावली कीं, १९७४ मध्यें रानांत अवघे चार पक्षी माहीत होते. गुलाबी कबुतरें १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरलीं. कार्ल जोन्स या वेल्श शास्त्रज्ञानें आणि त्याच्या मॉरिशसमधील सहकाऱ्यांनीं अंडीं काढून कृत्रिम उबेंत उबविलीं, पिलें हातानें भरवून वाढविलीं, उंदीरमांजरांचा बंदोबस्त केला, आणि वर्षानुवर्षें खपून या जाती परत रानांत सोडल्या. आज ससाणे आणि गुलाबी कबुतरें हीं दोन्ही शेंकड्यांनीं मोजावीं लागतात. १९९४ मध्यें स्थापन झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानांत दऱ्यांच्या वाटेनें हळू, न बोलतां चाललें, तर या पक्ष्यांचें दर्शन कधीं कधीं होतें. माएबुरसमोरील इल ओझ एग्रेत या लहानग्या बेटावर आणखी एक मौज आहे. तेथील मूळचीं राक्षसी कांसवें नष्ट झाल्यामुळें आबनूसाचीं फळें झाडाखालींच कुजत. म्हणून सेशेल्सकडच्या अल्दाब्रा बेटाच्या जातीचीं कांसवें तेथें सोडलीं. तीं फळें खातात, दूर जाऊन बी टाकतात, आणि तेथें नवीं रोपें उगवतात. हरवलेल्या कामगाराच्या जागीं त्याचा चुलतभाऊ कामावर लावावा, तसाच हा प्रकार.

निसर्ग पाहून परतणाऱ्यानें दोन ठिकाणें वगळूं नयेत, कारण तीं पाहिल्यावांचून या किनाऱ्यांचा अर्थ पुरा होत नाहीं. नैर्ऋत्येस समुद्रांत घुसलेला ल मोर्न हा ५५६ मीटर उंचीचा उभा पहाड. आफ्रिका व मादागास्करहून पकडून आणलेले गुलाम मळ्यांतून निसटले म्हणजे या पहाडाच्या कपारींत लपत. शिपाई येत आहेत असें पाहून कित्येकांनीं कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा त्यांच्या वंशजांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गुलामगिरी येथें १ फेब्रुवारी १८३५ रोजीं संपली; तो दिवस आजही सुटीचा आहे. दुसरें ठिकाण राजधानी पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट. गुलामांच्या जागीं करारबद्ध मजूर आणण्याची प्रथा १८३४ मध्यें सुरू झाली, आणि पुढील आठनऊ दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसें, बहुतेक भारतांतलीं, या बेटावर उतरलीं. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढून त्यांनीं बेटावर पाऊल टाकलें. उंसाच्या शेतांतले ते काळ्या दगडांचे ढीग यांच्या हातांचे. युनेस्कोनें आप्रवासी घाटाला २००६ मध्यें आणि ल मोर्नला २००८ मध्यें जागतिक वारशाचा मान दिला.

त्या पायऱ्या चढणाऱ्यांत मराठी माणसेंही होतीं. मुंबई बंदरांतून निघालेलीं, पुष्कळशीं रत्नागिरी आणि भोंवतालच्या कोंकणपट्टींतलीं. त्यांचे वंशज आज घरीं बहुधा क्रिओल बोलतात. परंतु मराठी तेथील शाळांत शिकविली जाते, कोंकणांतलें जाखडी नृत्य तेथें टिकून आहे, आणि गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्यें सार्वजनिक सुटी असते. त्या दिवसांत संध्याकाळीं त्याच निवांत निळ्या पाण्यांत गणपतीचें विसर्जन पाहणाऱ्या मराठी प्रवाशाच्या मनांत काय येत असेल, हें सांगावयास नको.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ही पांढरी रेषा टिकेल काय? तिच्यावर संकटें एका बाजूनें येत नाहींत. समुद्राचें पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून एखादा अंश जरी अधिक तापलें आणि तसें कांहीं आठवडे राहिलें, तरी प्रवाळ आपल्या शरीरांतल्या शैवालाला बाहेर टाकतें. रंग जातो, प्रवाळ पांढरें फटफटीत दिसूं लागतें, आणि उष्मा उतरला नाहीं तर उपासानें मरतें. १९९८ पासून जगभर अशा लाटा वारंवार आल्या आहेत, आणि मॉरिशसही त्यांतून सुटलें नाहीं. दुसरें संकट माणसाच्या हातचें. बांधकामासाठीं खाजणांतून वर्षानुवर्षें वाळू उपसली जात असे. तिच्यावर बंदी आली ती २००१ मध्यें. वाळू जाते, भिंत खंगते, लाट थोडी पुढें येते. मग किनारा झिजतो आणि सुरूच्या झाडांचीं मुळें उघडीं पडतात. अशीं उघडीं मुळें कांहीं किनाऱ्यांवर आज कोणासही दिसतात.

तिसरें संकट जगानें पाहिलें. २५ जुलै २०२० रोजीं ‘वाकाशिओ’ हें मोठें मालवाहू जहाज आग्नेयेस पॉइंत देस्नीजवळ प्रवाळभिंतीवर चढलें, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेर त्यांतून सुमारें १,००० टन तेल त्या निळ्या पाण्यांत मिसळूं लागलें. ब्लू बे आणि इल ओझ एग्रेत तेथून हाकेच्या अंतरावर. त्या वेळीं हजारों लोक आपण होऊन किनाऱ्यावर धांवले. त्यांनीं उंसाचीं वाळलेलीं पानें कापडाच्या लांब पिशव्यांत ठांसून भरलीं, त्या शिवल्या, आणि पाण्यावर तरंगत्या मेढी बांधून तेल अडविलें. तेलानें काळे झालेले ते हात पाहिल्यावर या बेटाचा किनारा कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर निराळें द्यावें लागत नाहीं.

कायद्यानेंही तें उत्तर दिलेलें आहे. भरतीच्या रेषेखालचा किनारा तेथें सर्वांचा. आणि त्यालगतची सुमारें ८१ मीटर रुंदीची पट्टी फ्रेंच राजवटीपासून सरकारी मालकीची. तथापि याच पट्टीवर मुदतीच्या करारानें विश्रामगृहें आणि बंगले उभे राहत गेले, आणि सार्वजनिक किनारा आंखडत चालला आहे अशी तेथील लोकांची तक्रार आहे. ती समजण्यासाठीं रविवारीं एखाद्या सार्वजनिक किनाऱ्यावर जावें. तेथील कुटुंबें बस भरभरून येतात. सुरूच्या सावलींत चटया पसरतात, घरून आणलेल्या भाताचीं पातेलीं उघडतात. दुपारनंतर कोणी शेळीच्या चामड्याचा राव्हान डफ शेकून घेतो आणि सेगाच्या गाण्याला सुरुवात होते. सेगा हें गुलामांनीं जन्मास घातलेलें संगीत. तेंही युनेस्कोच्या यादींत २०१४ पासून आहे. विश्रामगृहाच्या कुंपणाआड राहून परतणाऱ्यास हा किनारा भेटतच नाहीं.

मग प्रवाशानें काय करावें? गोष्टी साध्याच आहेत. प्रवाळावर पाय देऊं नये; एका पावलानें जें मोडतें तें घडण्यास कित्येक वर्षें लागलेलीं असतात. पाण्यांत उतरतांना पायांत रबरी जोडे असावेत; त्यानें सागरी कांट्यांपासून आणि हुबेहूब दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी माशापासून रक्षण होतें. शंखशिंपले आणि प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून उचलूं नयेत. ती उद्यांची वाळू आहे. नांगर भिंतीवर टाकणाऱ्या होडीवाल्याची होडी घेऊं नये. डॉल्फिन रात्रभर शिकार करून सकाळीं उपसागरांत विसांव्यास येतात. दहा होड्या चोहोंबाजूंनीं त्यांच्या मागें लागल्या तर त्यांना विसांवा कसा मिळावा? अशा घोळक्यांत आपली अकरावी होडी नसावी. आणि मुक्कामांतला एक दिवस तरी समुद्राला पाठ करून ब्लॅक रिव्हरच्या रानांत, एक सकाळ आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांपाशीं घालवावी.

ज्यांना वेळ आहे त्यांनीं ५६० किलोमीटर पूर्वेस असलेलें रोद्रिग हें मॉरिशसचेंच धाकटें बेट पाहावें. तेथील खाजण भूमीच्या जवळजवळ दुप्पट आहे. ओहोटीच्या वेळीं तेथील स्त्रिया त्या उथळ पाण्यांत चालत जाऊन अष्टपादाची शिकार करतात. ही शिकार वर्षानुवर्षें घटत गेली, तेव्हां २०१२ पासून दरवर्षीं कांहीं आठवडे ती पूर्ण बंद ठेवण्याची प्रथा तेथें पाडण्यांत आली. बंदी उठल्यावर हातीं येणारे अष्टपाद पूर्वींपेक्षां मोठे आणि अधिक मिळूं लागले. ज्यांचें पोट त्या पाण्यावर, त्यांनींच कांहीं काळ हात आवरला आणि समुद्रानें तें व्याजासह परत केलें.

डोडो गेला तेव्हां त्याच्यासाठीं कोणी हळहळलें नाहीं. तो जातो आहे हेंही कोणाला कळलें नाहीं. ससाणे चार उरले तेव्हां मात्र कळलें होतें, आणि म्हणून ते वांचले. प्रवाळभिंतीची गोष्ट आज या दोहोंच्या मध्यें कोठें तरी उभी आहे. किनाऱ्यावर उभें राहून दूरच्या त्या पांढऱ्या रेषेकडे पाहणाऱ्या प्रत्येक प्रवाशानें तिचा घुमणारा आवाज घटकाभर कान देऊन ऐकावा. तो आवाज जोंवर दुरून येत आहे, तोंवर बेट सुखरूप आहे.